'पुढचा गेम सगळ्यांसाठी' असं कंपनी म्हणाली की तुमच्याही पोटात गोळा येतो का?

तिसरं_बटण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय. शीर्षक जरा नाटकी झालंय, सांभाळून घ्या.

झालं असं की एक सिरीज आहे जी मी शाळेत असल्यापासून खेळतोय. नाव घेत नाही, घेतलं की मुद्दा राहतो बाजूला आणि फॅन लोकांची जुंपते. परवा तिच्या नव्या भागाची घोषणा होती, मी रात्री जागून लाईव्ह बघत होतो. सुरुवातीची काही मिनिटं नुसतं 'अनुभव', 'कम्युनिटी', 'कधीही कुठेही' असलं पाल्हाळ, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. आणि मग स्टेजवरचा माणूस छान हसून म्हणाला की यावेळी आम्ही सगळ्यांसाठी गेम केलाय. सगळ्यांसाठी म्हणजे फोनवर, एका अंगठ्याने, फुकट. चॅटमध्ये पुढे जे काय सुरू झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बायको शेजारी वाचत बसली होती, माझं तोंड बघून तिने विचारलं काय झालं, मी सांगितलं, तर म्हणते "मग चांगलंय ना, अजून लोक खेळतील, तुझं काय जातंय?" आणि खरं सांगतो मला पटकन उत्तरच सुचेना. खरंच माझं काय जातंय? जुने भाग कोणी काढून घेतलेले नाहीत. माझी आई रोज दोन-दोन तास फोनवर रंगीत खडे जुळवत बसते, तिचा मला कधी राग आला नाही. मग कंपनीने आईसारख्यांसाठी काही केलं की मला का झोंबतं?

मी माझ्यापुरतं उत्तर काढलंय ते असं, की माणसं वाढण्याचा राग नाहीये, भरवसा नाहीये. हा सिनेमा आधी बघितलाय. २००६ ला निन्टेंडोचा वी आला, रिमोट हलवून खेळायचा कन्सोल, पुढे दहा कोटींच्या वर खपला, आणि ते बघून बाकीच्या दोघांना राहवेना. २०१० मध्ये सोनीचा मूव्ह आला, तसाच हलवायचा कंट्रोलर, आणि मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला, म्हणजे अंगाच्या हालचाली टिपणारा कॅमेरा. किनेक्टला एका माणसासाठी समोर सहा फूट मोकळी जागा लागायची, म्हणजे 'सगळ्यांसाठी' म्हणताना सगळ्यांच्या खोल्या केवढ्या असतात हे कोणी मोजलंच नव्हतं. तरी पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकला गेला, विक्रम झाला त्याचा. आणि पुढे? २०१३ ला त्यांच्या नव्या कन्सोलबरोबर, एक्सबॉक्स वनबरोबर, तो बळेच गळ्यात मारला, त्यापायी मशीन सोनीच्या पीएस४ पेक्षा शंभर डॉलरने महाग झालं, पुढच्या जूनमध्ये त्यांनाच तो वेगळा काढावा लागला, २०१७ ला उत्पादनच बंद. ज्या घरांनी हौसेने घेतला होता त्यांच्याकडे टीव्हीखाली एक काळी पट्टी उरली.

तर प्रश्न दोन. माझा संशय रास्त आहे की मी नुसताच कुरकुऱ्या झालोय? आणि दुसरा, मोठी कंपनी कॅज्युअल, म्हणजे अधूनमधून वेळ घालवायला खेळणाऱ्या लोकांच्या मागे लागली आणि त्यातून आपलं राहू दे, त्या लोकांचं तरी भलं झालं, असं कधी झालंय का?

फोन_आहे_ना

तुमच्याकडे फोन नाहीयेत का?

(ज्यांना संदर्भ लागला नाही त्यांच्यासाठी. २०१८ चं ब्लिझकॉन, म्हणजे ब्लिझर्ड कंपनीचा मेळावा, हॉल भरून त्यांच्या डायब्लो सिरीजचे पक्के पीसीवाले, सगळे पुढच्या मोठ्या भागाकडे डोळे लावून बसलेत आणि पोतडीतून निघालं काय तर डायब्लो इमॉर्टल, फोनवर. पीसीवर आणणार का विचारलं तर तसा विचार नाही म्हणाले, लोकांनी हुर्यो केली आणि तेव्हा स्टेजवरून हे वाक्य आलं. गंमत म्हणजे २०२२ मध्ये गेम आला तेव्हा पीसीवर पण आलाच. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये मात्र आला नाही, तिथले लूट बॉक्सचे (पैसे देऊन उघडायच्या, आत काय निघेल माहीत नसलेल्या पेट्यांचे) कायदे आडवे आले. ज्याला 'सगळ्यांसाठी' म्हणतात तो जुगाराच्या कायद्याला घाबरून दोन देशांत आलाच नाही, यातच काय ते समजा.)

कार्ट्रिज_फुंक्या

धागाकर्ते, कुरकुऱ्या झालात तरी हरकत नाही, कारण तुमच्याकडे निदान कारण आहे. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. तुम्ही हार्डवेअरचं उदाहरण घेतलंत, खरी मजा २००९ ते २०१३ या चार वर्षांत कंपन्या विकत घेण्याच्या जत्रेत झाली.

आठवा ते दिवस. झिंगा कंपनीचा फार्मव्हिल, फेसबुकवरचा शेतीचा गेम, जून २००९ ला आला आणि ज्याने आयुष्यात कंट्रोलर हातात धरला नव्हता असा माणूस पहाटे उठून पीक काढायला लागला, कारण वेळेत नाही काढलं तर ते वाळायचं. (हे वाळणं कोणी डिझाइन केलं त्याला एकदा भेटायचंय मला.) मोठ्या कंपन्यांना वाटलं की हीच नवी जमीन, चला सातबाऱ्यावर नाव चढवू. ईए या बड्या गेम कंपनीने नोव्हेंबर २००९ ला प्लेफिश घेतली, रोख साडेसत्तावीस कोटी डॉलर. डिस्नेने २०१० ला प्लेडम घेतली, ५६ कोटींच्या वर. झिंगाने मार्च २०१२ मध्ये ड्रॉ समथिंग या चित्र ओळखायच्या गेमवाला स्टुडिओ जवळपास १८ कोटींना घेतला, तेव्हा तो गेम अगदी शिखरावर होता, आणि घेतल्या घेतल्या लोक गळायला लागले. जून २०१३ ला स्टुडिओला टाळं. त्याच महिन्यात प्लेफिशचे फेसबुकवरचे गेमही बंद. खुद्द झिंगाचा शेअर २०११ च्या डिसेंबरला १० डॉलरने बाजारात आला होता, वर्षाच्या आत ३ च्या खाली.

यात माझा मुद्दा काय, तर गर्दी विकत घेता येत नाही. कॅज्युअल माणूस त्या गेमवर प्रेम करत नसतो हो, तो रिकामा असतो. उद्या त्याच्या मित्राने दुसरं काही पाठवलं की तो तिकडे. यात त्याची काही चूक नाही, त्याने कुठे शपथ घेतली होती? चूक त्याची आहे ज्याने त्या रिकाम्या पंधरा मिनिटांना 'ग्राहक' म्हणून ताळेबंदात लिहिलं.

आणि आपल्या कन्सोलवाल्यांचं उदाहरण हवं असेल तर गिटार हिरो घ्या. २००५ चा पहिला, भन्नाट गेम, ज्यांना गेम्सचा गंध नाही असे लोक पार्टीत प्लास्टिकची गिटार अडकवून उभे. मग काय, दुभती गाय. एकट्या २००९ मध्ये त्याच कुटुंबातले पाच-सहा गेम दुकानात. फेब्रुवारी २०११ ला अ‍ॅक्टिव्हिजनने पूर्ण विभागच गुंडाळला. इतकं दोहलं की रक्त आलं.

त्यामुळे माझी भीती 'आपले गेम सोपे करतील' ही नाहीच. करू देत. माझी भीती अशी की चांगली टीम त्या कामाला जुंपतात, दोन वर्षांनी लाट ओसरते, आणि मग टीमला नारळ. आता बोला, तो गेम पण गेला आणि पुढचा करणारे पण गेले.

प्लेअर_टू

वाचतेय मगासपासून आणि जरा हसू पण येतंय. तुम्ही सगळे 'ते लोक', 'ते लोक' करताय ना, ते लोक इथेच आहेत, नमस्कार, मी.

माझा पहिला गेम वी स्पोर्ट्स, वीवरचा टेनिस-बोलिंगवाला. त्याआधी दादाच्या हातातला कंट्रोलर मला द्यायचेच नाहीत, दिला तर प्लग न लावलेला द्यायचे, हे किती बहिणींनी अनुभवलंय बघा हात वर करून. पहिल्यांदा बाबांनी बोलिंग खेळलं ते मला अजून दिसतंय. रिमोटचा पट्टा मनगटात घट्ट केला, खुर्चीपासून चार पावलं मागे गेले, खरोखर पळत पुढे आले आणि वाकून हात सोडला. स्क्रीनवरचा चेंडू गटारात. बाबा वळून म्हणाले "लाकडी फरशी वेगळी असते." आयुष्यात बोलिंग खेळले नव्हते हो ते! पण त्या दिवसापासून दादाचं मशीन घरातल्या सगळ्यांचं झालं, आणि मी तिथून झेल्डावर गेले आणि आज तुमच्यातल्या अर्ध्यांना फायटिंग गेममध्ये झोपवते.

आता इतिहासच काढताय तर पूर्ण काढा. १९८० चा पॅकमॅन, तोरू इवातानींनी तो मुद्दाम बायका-मुलींनी आर्केडमध्ये यावं म्हणून केला होता, कारण बाकी सगळीकडे नुसती गोळीबारी. १९८९ ला गेम बॉय या हातात धरायच्या मशीनबरोबर टेट्रिस आला. १९९० पासून विंडोजमध्ये सॉलिटेअर, ज्याच्यावर लोक माउसने पान उचलून ओढायला शिकले. तुम्ही ज्याला गेमिंगचा पाया म्हणता तो सगळा कॅज्युअलच आहे, वरचे दोन मजले तुमचे.

आणि एक सांगा, निन्टेंडोने डीएस (हातात धरायचं मशीन) आणि वी काढले तेव्हा ते बाजाराच्या मागे पळत होते का? बाकीचे दोघे ग्राफिक्सच्या शर्यतीत एकमेकांच्या उरावर बसले होते, आणि निन्टेंडोचे तेव्हाचे प्रमुख इवाता म्हणत होते की जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी करू या. २००५ ला ब्रेन ट्रेनिंगवाला गेम काढला, बेरजा-वजाबाक्यांचा, हसले असतील लोक. डीएस १५ कोटींच्या वर खपला. तेव्हा कोणी कोणाच्या मागे पळत नव्हतं, ते स्वतः वाट काढत होते. मागून जे आले ते पळत आले. तुमचा राग नकलाकारांवर आहे, खेळणाऱ्यांवर काढू नका एवढंच म्हणणं.

खडूस

+१ प्लेअर_टू यांना, पण त्याच निन्टेंडोने वीनंतरचा कन्सोल वी यू पण काढला हे विसरू नका. नाव असं ठेवलं की लोकांना वाटलं जुन्या वीला लावायची नवी पाटी आली. जे दहा कोटी घरांत गेले होते त्यातले जेमतेम सव्वा-दीड कोटी परत आले. कार्ट्रिज_फुंक्या म्हणतात तेच, गर्दी परत येत नाही.

आणि कार्ट्रिजभाऊ, सातबारा आवडला.

तिसरं_बटण

प्लेअर_टू, प्लग न लावलेला कंट्रोलर वाचून मान खाली घातली. धाकट्या बहिणीला मी हेच केलंय, आज फोन करून माफी मागतो.

तुमचं म्हणणं बरंचसं पटलं. पण एक फरक बघा. वी स्पोर्ट्स बहुतेक देशांत मशीनच्या डब्यातच मिळायचा, एकदा घेतलं की विषय संपला. बाबांनी चेंडू गटारात घातला तर 'अजून एक फेक हवी का' असं विचारत कोणी खिडकी उघडत नव्हतं. म्हणजे सगळ्यांसाठी केलेला गेम वेगळा आणि सगळ्यांसाठी लावलेलं जाळं वेगळं. मला परवाच्या घोषणेत जाळ्याचा वास आला, बहुतेक एवढंच आहे. 'फुकट' शब्द त्यांनी ज्या लाडाने उच्चारला ना!

माजी_पगारी

बोलू की नको करत होतो, पण जाळ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी चार वर्षं अशा एका स्टुडिओत लेव्हल डिझाइन केलंय. नाव अर्थात नाही सांगणार. आम्ही आधी विकत घ्यायचे पझल गेम करायचो, छोटी टीम, मग एका मोठ्या कंपनीने आम्हाला घेतलं आणि सहा महिन्यांत आमचं सगळं बोलणंच बदललं. आधी आम्ही भांडायचो की हे कोडं लबाड आहे का, हे सुटल्यावर माणसाला हुशार वाटतं का. नंतर सकाळी पहिली गोष्ट म्हणजे तक्ता. पहिल्या दिवसानंतर किती टिकले, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती.

एक लेव्हल मला अजून आठवते. सत्तेचाळीसावी. त्यात शेवटची चाल नीट केली की वरचं सगळं धडाधड कोसळत यायचं, दोन-अडीच सेकंद नुसता पाऊस. मी आणि आवाजवाला, आम्ही आठवडाभर त्या पावसावर बसलो होतो. गेम चालू झाल्यावर आकडे आले, प्रॉडक्ट मॅनेजरने मला बोलावलं आणि म्हणाला की इथे प्रॉब्लेम आहे, लोक ही लेव्हल जिंकतात आणि समाधानाने अ‍ॅप बंद करतात. मला वाटलं चेष्टा करतोय. तो गंभीर होता. २८ चालींच्या २४ केल्या. आता माणूस हरायचा, पण बहुतेक वेळा एकाच चालीने हरायचा, आणि तेव्हा खिडकी यायची, 'अजून ५ चाली?' हिरवं बटण अंगठ्याएवढं, बंद करायची फुली कोपऱ्यात, करडी, नखाएवढी. 'थोडक्यात हुकलं' असं तुम्हाला जे वाटतं ना ते वाटण्यासाठी चार चाली काढलेल्या असतात. स्लॉट मशीनवाल्यांना हे फार आधीपासून माहीत होतं.

त्यामुळे धागाकर्त्यांना माझं उत्तर असं आहे की तुमचं काही फार जात नाहीये. तुम्ही इथे येऊन ओरडता, कंपनीला ऐकू येतं. २०१७ ला ईएच्या बॅटलफ्रंट २ या गेमच्या वेळी लोक एवढे तुटून पडले की गेम बाजारात यायच्या तोंडावर ईएला पैसे देऊन घ्यायचा भाग थांबवावा लागला. कॅज्युअल खेळणारा असं ओरडत नाही. त्याला कळतच नाही की आपल्याशी कोणीतरी खेळतंय, त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. आमच्याकडे सपोर्टला मेल यायचे, 'माझं वय झालंय म्हणून मला ही लेव्हल सुटत नाही का'. मी ते मेल वाचायचो आणि दुसऱ्या दिवशी २४ च्या २३ करायचो. म्हणून सोडलं शेवटी, लई थोर कारण नाही, झोप येईना.

बहुतेक लोक एक पैसा देत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहेच. जे थोडे देतात त्यातले अगदी मोजके खूप देतात, त्यांना आत 'व्हेल' म्हणतात, देवमासा. बाकीचे लाखो लोक म्हणजे त्या माशाला एकटं वाटू नये म्हणून सोडलेलं पाणी.

कार्ट्रिज_फुंक्या

माजी_पगारी, हे वाचून गार पडलो. आमच्या काळात २००६ ला ऑब्लिव्हियन या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा जगबुडी आली असं वाटलं होतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, चिलखताचे वेगळे द्या. आज ते निरागस वाटतंय!

हिशोबनीस

सगळ्यांचं वाचलं. मी गेमर कमी आणि आकडेवाला जास्त, त्यामुळे थोडं रुक्ष लिहितो, हलकेच घ्या.

कंपन्या मागे का लागतात याचं उत्तर दुष्टपणा नाही, भीती आहे. मोठा कन्सोल गेम करायला आता चार-पाच वर्षं आणि शेकडो माणसं लागतात, एक पडला तर स्टुडिओ बुडतो. दुसरीकडे जगातल्या गेम्सच्या उलाढालीतला जवळपास अर्धा पैसा मोबाईलवर. आता संचालक मंडळात बसलेल्या माणसाला तुम्ही काय सांगणार? अ‍ॅक्टिव्हिजनने कँडी क्रशवाली किंग घेतली, ५.९ अब्ज डॉलर, २०१६ ला सौदा पुरा. टेक-टूने झिंगा घेतली २०२२ ला, १२.७ अब्ज. हो, तीच झिंगा जिचा शेअर तीनच्या खाली गेला होता. म्हणजे कार्ट्रिजभाऊ, गर्दी विकत घेता येत नाही हे खरं, पण गर्दी कशी जमवायची ते यंत्र विकत घेता येतं आणि लोक त्याचीच किंमत देतायत. आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ६८.७ अब्जांना घेतली तेव्हा त्यात कॉल ऑफ ड्यूटीबरोबर किंगही आली, आणि मोबाईलसाठी किंग हवी होती हे त्यांनी लपवलं पण नाही.

आता एक भ्रम काढून टाकू. अनेक जण म्हणतात की कॅज्युअलमधून पैसा येऊ दे, त्यातून आपले अवघड, कलात्मक गेम निघतील. मला तसं होताना फारसं दिसत नाही. एका घरात दोन भाऊ, एक कमी खर्चात महिन्याच्या महिन्याला कमावतो आणि दुसरा पाच वर्षांतून एकदा घसघशीत आणतो, तर घरात बोलणी कोणाला बसतात? दुसऱ्यालाच. मग तो पण महिन्याला काही येईल असं बघायला लागतो. तुमच्या सत्तर डॉलरच्या गेममध्ये बॅटल पास (ठराविक काळासाठी वेगळे पैसे देऊन बक्षिसं) आणि दुकान कुठून आलं याचं उत्तर तिथे आहे. कॅज्युअल गेम तुमच्या गेमची जागा घेत नाही, त्याचा हिशोब तुमच्या गेममध्ये शिरतो.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र अँग्री बर्ड्सचं. मूळ गेम डिसेंबर २००९ चा, एकदा किरकोळ पैसे द्या आणि डुकरं पाडत बसा. मधे तो स्टोअरवरून काढून टाकला होता, लोक मागे लागले म्हणून रोव्हिओने २०२२ ला तो नव्याने बांधून परत आणला, जाहिराती नाहीत, आतली खरेदी नाही. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत गूगल प्लेवरून पुन्हा काढला. कारण? त्यांच्या बाकीच्या गेम्सवर परिणाम होतोय. म्हणजे तुमचाच जुना, साधा, पुरा गेम तुमच्याच नव्या फुकट गेमांचं गिऱ्हाईक पळवतोय. अ‍ॅपलच्या स्टोअरवर ठेवला, पण नावातून अँग्री बर्ड्स काढून, म्हणजे शोधणाऱ्याला पटकन सापडायला नको. कॅज्युअल लोकांना असलंच आवडतं, त्यांना फुकटच हवं, असं जे म्हणतात त्यांनी हे जरा बघावं. विकत घ्यायला लोक तयार होते, विकायला कंपनी तयार नव्हती.

प्लेअर_टू

हिशोबनीस, शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावावा असा. प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीजचं पण तसंच ना? २००९ चा पहिला भाग विकत घेतला होता मी, सगळी झाडं खेळता खेळता मिळायची. मग २०११ ला ईएने पॉपकॅप घेतली, २०१३ ला दुसरा भाग आला फुकट, आणि पहिल्यात जी मिळायची त्यातली काही झाडं दुसऱ्यात वेगळे पैसे देऊन. स्क्वॉश! तो रागावून बघणारा भोपळा! तो पैसे मागायला लागला तेव्हा मनातून उतरलाच.

तर धागाकर्त्यांचा दुसरा प्रश्न, भलं झालंय का कधी. झालंय, पण मागे लागून नाही. वर्डल हा शब्द ओळखायचा गेम एका माणसाने जोडीदारासाठी केला, दिवसाला एक कोडं, संपलं की उद्या या. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम एका माणसाने चारेक वर्षं एकट्याने बसून केला. माझ्या दोन्ही माव्शा स्टारड्यू खेळतात आणि गेम बंद करून ठेवला म्हणून त्यांचं पीक वाळत नाही.

खडूस

वर्डल पण २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने घेतलाच की. तरी बरं, अजून दिवसाला एकच आहे. लाकूड शोधा पटकन.

तिसरं_बटण

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. त्या नव्या भागाचं काय होतं ते बघू, मी प्री-रजिस्टर केलेलं नाही, एवढंच सांगतो. (केलं होतं. काल काढलं.)

माजी_पगारी यांचं वाचल्यावर रविवारी आईच्या शेजारी मुद्दाम जाऊन बसलो. तेव्हा तिचे पाचही जीव संपलेले होते आणि वर घड्याळ चालू होतं, २३ मिनिटं. ती फोन मांडीवर ठेवून चक्क वाट बघत होती. मी विचारलं, कधी पैसे दिलेस का? तर म्हणाली छे, जाहिरात बघितली की एक जीव देतात. आणि दाखवली पण. कोणीतरी राजा पाण्यात बुडतोय, खिळे ओढून त्याला वाचवायचं, समोरचा हात मुद्दाम चुकीचा खिळा ओढतोय, आई वैतागून "अरे तो नाही, वरचा!" तीस सेकंद झाली तरी फुली दिसेना, मग दिसली, दाबली तर दुकान उघडलं. परत आली, एक जीव मिळाला, खेळली आणि एका चालीने हरली. हिरवं बटण आलं. मी गुपचूप मोजलं, फुली खरंच नखाएवढी.

मग मी तिला साधा सॉलिटेअर टाकून दिला. जाहिराती नाहीत, काही नाही, पत्ते आणि हिरवं मैदान. दोन डाव खेळली, दुसरा सुटला पण. खूश दिसली. मग चष्मा वर करून मला विचारते,

"यात जीव किती असतात?"

म्हटलं जीव वगैरे नसतात आई, पाहिजे तितकं खेळ.

"मग थांबायचं कधी?"

माजी_पगारी, याचं उत्तर तुम्हीच द्या, मला नाही देता आलं. सोमवारी फोन केला तेव्हा ती परत खड्यांवर होती.

माजी_पगारी

कुठल्या लेव्हलला अडकल्यात त्या?

तिसरं_बटण

६१२.

माजी_पगारी

सांगा त्यांना, त्यांचं काही चुकत नाहीये.